डिशसमोर कोण उभं राहतं

शनिवार, ६ ऑक्टोबर २०१२

नाही जमलं! तीन तास गेले. डिशचा तिपाई स्टँड वाऱ्याने दोनदा आडवा झाला. शेवटी पिशवीत किनाऱ्यावरचे गोटे भरून खाली लटकावली, तेव्हा कुठे ठरला. डिश, बॉक्स, केबल — सगळं सेकंडहँड, पद्माकरभावोजींनी जमवून दिलेलं. कॅराव्हॅनही त्यांनीच आमच्या गावाहून, नासहून, इथे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोच्या पलीकडे, ओढून आणली आणि लावून दिली.

फोनवर मुक्ता — "आई, आर यू मॅड? इन अ कॅराव्हॅन? विथ बाबा लाइक दॅट?"

लागलंय वेड. ह्यांनी हौसेने ही कॅराव्हॅन घेतली आणि मार्चमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नासच्या घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. इथे निदान आभाळ आहे. थेरपिस्ट म्हणते, सतत बोलणं कानावर पडू दे. मी एकटी किती बोलणार? म्हणून टीव्ही.

रविवार, ७

लागला!! चूक होकायंत्राची — कॅराव्हॅनच्या पत्र्याजवळ काटा भलतीकडेच फिरतो. वीस पावलं लांब जाऊन आग्नेय दिशा धरली. मग डिश केसभर सरकवायची, थांबायचं, पुन्हा केसभर. सिग्नल शोधणारा फाइंडर बारीक कुरकुरत होता, एकदम किंचाळला! खिडकीतून ह्यांच्याकडे पाहिलं. डावा हात वर — बरोबर आहे, म्हणून! एवढी वर्षं इंजिनियर हे, मी नुसती पक्कड धरणारी. रडूच आलं.

मंगळवार, ९

साडेदहानंतर चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि गेलं. दोन मिनिटांत परत.

बुधवार, १०

पुन्हा. दहा पस्तीस. स्वच्छ ऊन, वारा नाही. केबल घट्ट, डिश हललेली नाही. साइटवर आमच्याशिवाय कोणी नाही. सीझन संपलाय, मालकीण ब्रीडाने महिनाअखेरपर्यंत राहू दिलंय एवढंच.

आत आले तर ह्यांचा हात वर. नजर खिडकीबाहेर, डिशकडे. रविवारच्यासारखा नव्हे — ओळखीचं कोणी आलं की करतात तसा.

गुरुवार, ११

सहा मिनिटं. हात वर. आणि हसले! मार्चनंतर पहिल्यांदा. "कोण आहे हो?" मी विचारलं. मान वळलीच नाही.

शुक्रवार, १२

सकाळी मुद्दाम डिशच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. खिडकीतून टीव्ही दिसतो. चित्र तस्संच गेलं — चौकोन चौकोन. बाजूला झाले, आलं. म्हणजे समोर माणूस उभा राहिला की असंच होतं.

दहा पस्तीसला बाहेरच थांबले, डिशच्या बाजूला. गेलं! समोर कोणी नाही. गवत, दगडी भिंत, आभाळ. हे काचेतून हसत होते. माझ्याकडे बघून नाही. माझ्या शेजारी.

पळत आत आले. दाराला कडी लावली. भर दिवसा!

शनिवार, १३

ब्रीडा ॲपल टार्ट घेऊन आली. न राहवून सांगितलं. बिचारीने बाहेर जाऊन डिशभोवती फेरी मारली. "देअर्स नोबडी, लव्ह. यू नीड अ रेस्ट, दॅट्स ऑल."

मुक्ताला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. मग, "आई, प्लीज. कम होम."

जावं? पण तिथे हे हसत नव्हते. इथे हसतात. कोणाकडे बघून का असेना!

रविवार, १४

पद्माकरभावोजींचा फोन. मुक्तानेच सांगितलं असणार. ऐकून खो खो हसले. "वहिनी, भूतबित नाही, सूर्य आहे तो! ऑक्टोबरात काही दिवस, ठरलेल्या वेळी, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या झगमगाटात सिग्नल बुडतो. मार्चमध्येही होतं. दोन-तीन दिवसांत बघा, आपोआप थांबेल."

हुश्श! एवढं साधं. हसू आलं स्वतःचंच. ह्यांना सांगितलं सगळं, म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. ह्यांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे. लहान मुलाकडे बघावं तसं.

मंगळवार, १६

जेमतेम मिनिटभर. भावोजी म्हणाले तसंच. कडी काढून ठेवली.

बुधवार, १७

गेलंच नाही! साडेदहा ते अकरा खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. चित्र एकदाही हललं नाही. मुक्ताला कळवलं — महिनाअखेरपर्यंत राहतोय.

हात मात्र वर झाला. दहा पस्तीसलाच. सवय पडली असेल म्हटलं. पण घड्याळ ह्यांच्या पाठीमागे आहे. ह्यांना दिसत नाही.

शुक्रवार, १९

ढगाळ. चित्र स्वच्छ. दहा पस्तीसला ह्यांचा हात वर झाला, ओठ हलले — आणि बोलले! सात महिन्यांनी! जड, तुटक, पण शब्द न् शब्द कळला.

"विभा... दार उघड. थंडीत उभे आहेत."

उघडलं.