अल्विनची हत्यारे इमानीला

मी, व्हर्लीन गुडलो, कै. अल्विन गुडलो यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सेंट पॉल, मिनेसोटा, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. गुडघे सोडले तर माझे सर्व काही शाबूत आहे, डोके तर नक्कीच.

१. राहते घर माझी भाची लव्हॉन हिला. अट एकच, शनिवारचे जेवण बंद पडू नये. काळी मुले दत्तक घेऊ पाहणाऱ्या गोऱ्या जोडप्यांचे वर्ग मी दत्तक देणाऱ्या संस्थेत घेतले, पण खरे शिक्षण माझ्या टेबलावर झाले. भोवती सगळी आमची काळी माणसे आणि मध्ये ते दोघेच. त्यांना अवघडायचे. मी म्हणायची, "अवघडू दे. तुमच्या लेकराला शाळेत रोज असंच होणार आहे."

२. बँकेतील शिल्लक या दत्तक मुलांच्या उन्हाळी शिबिराला.

३. संस्थेच्या माजी प्रमुख कॅरोल स्ट्राउड यांना काही नाही. "व्हर्लीन, माया असली की झालं, कशाला लोकांना घाबरवतेस?" असे त्या मला भर बैठकीत म्हणाल्या होत्या. तो राग मात्र इथेच ठेवून जाते. वर न्यायला जड आहे.

४. अल्विनची पियानो सुरात लावायची सर्व हत्यारे, पिशवीसह, इमानी हाल्वर्सन हिला. कारण लिहिणे भाग आहे.

एका हिवाळ्यात अल्विन एका म्हाताऱ्या बाईंचा पियानो लावायला गेला. समोरच्या घरातून कोणीतरी पोलिसांना फोन केला. बाईंनी बाहेर येऊन ओळख पटवेपर्यंत त्याला बर्फात, गाडीवर हात टेकवून उभे केले. पुढच्याच आठवड्यात माझ्या वर्गात कर्ट हाल्वर्सन नावाचा गृहस्थ अभिमानाने म्हणाला, "आमची गल्ली मुलांसाठी सुरक्षित आहे. परवाच एक माणूस काळी पिशवी घेऊन घुटमळत होता, मी लगेच फोन केला."

मी विचारले, "पिशवीत काय होतं?"

"कोण जाणे."

"तारा पिळायच्या किल्ल्या. तो माझा नवरा."

त्याची बायको मारिट रडू लागली. मी म्हटले, "डोळे पूस, बाई. तुझं मूल सोळा वर्षांचं होऊन त्याच गल्लीतून चालत येईल, तेव्हा फोन कोण करेल ते सांग."

त्यांच्या अर्जावर माझी शिफारस लागणार होती. मी ती रोखली. कर्ट आमच्या दारात आला, तेव्हा अल्विननेच दार उघडले. "आत या. की आधी पोलिसांना फोन करताय?"

त्या रात्री दोघांत काय बोलणे झाले ते मला कधी कळले नाही. पण वसंतापर्यंत कर्ट दर रविवारी अल्विनबरोबर आपल्या गल्लीत घरोघर गेला. दार उघडले की म्हणायचा, "हे अल्विन गुडलो. यांच्यावर पोलिस मी बोलावले होते. चूक माझी होती." काहींनी दार लावून घेतले. एका शेजाऱ्याने त्याच्याशी बोलणे कायमचे टाकले. मग मी शिफारशीवर सही केली आणि इमानी त्यांच्या घरी दत्तक आली.

ती अकरा वर्षांची झाल्यावर कर्टने तिला हे स्वतः सांगितले. पोरगी बापाशी अबोला धरून थेट आमच्याकडे आली. "अल्विनकाका, तुम्ही बाबांना माफ केलंत?"

"अजून विचार चाललाय," अल्विन म्हणाला. "तोवर ही किल्ली धर. घट्ट नाही गं, पक्ष्यासारखी."

आज या शहरातल्या निम्म्या चर्चमधले पियानो तिच्या हाताने सुरात आहेत.

५. अल्विनचा लोकरीचा कोट कर्टला. बाह्या आखूड पडतील. पडू देत.

६. माझ्या अंत्यविधीला पुढच्या बाकांवर ही मुले बसतील, आता मोठी झाली असली तरी. त्यांच्या गोऱ्या आईबापांनी मागे उभे राहावे. जेवणानंतर भांडी त्यांनीच घासावीत. नीट घासतात, मी जवळ उभी राहून शिकवले आहे. आणि निघताना प्रत्येकाने डबा भरून न्यावा, माझ्या घरून कोणी रिकाम्या हाताने गेलेले मला चालणार नाही.

स्थळ: सेंट पॉल
दिनांक: १४ मार्च २०२३

सही: व्हर्लीन गुडलो

साक्षीदार (यांना वरीलपैकी काहीही मिळत नाही, दोघांनी तक्रार केली, ती नोंदवली):
१. डेल्फीन ब्रॉडनॅक्स, शेजारीण
२. रेव्हरंड थॅडियस मूर