चिमणी दिसतीया का?

आबा, मला आभाळ करायचं काम मिळालंय असं सांगितलं असतं, तर तुम्ही आधी मोठ्यांदा हसला असतात आणि मग म्हणाला असतात, "आधी भाकरी गोल कर की, आभाळ मागनं कर." भाकरी अजून गोल होत नाही. आभाळ मात्र जमलंय, असं परवा एक म्हातारा वैमानिक सांगून गेला, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोलले नाही, कारण बोलायला लागलं की गाडी एकाच दिवसापाशी येऊन अडायची. आज तो दिवस लिहून काढायचाच, असं ठरवून बसलेय.

काम काय ते आधी सांगते. उद्यमनगरात एका फौंड्रीवाल्यानं शेडमध्ये खोटं विमान बांधलंय. वैमानिक व्हायला निघालेल्या पोरांनी खऱ्या विमानात बसायच्या आधी ह्यात बसून शिकायचं. पत्र्याची केबिन, हातात दांडा, पायाखाली पेडल आणि बसायला एसटी ड्रायव्हरची जुनी सीट. विमान तसूभर हलत नाही. समोरच्या तीन पडद्यांवर बाहेरचं जग हलतं, आणि ते जग कॉम्प्युटरवर मी करते. माळ, ऊस, रस्ते, धावपट्टी, सगळं झालं. अडलं ते आभाळापाशी. ज्या शाळेला हे यंत्र हवं होतं तिची अटच होती, की लख्ख उन्हात कोणीही उडवतं, आम्हाला भरून आलेल्या आभाळात शिकवायचंय. आमचा माणूस येऊन बसेल, त्यानं हो म्हटलं तरच घेऊ.

माझं पहिलं आभाळ बघितलं असतंत तर कपाळावर हात मारला असतात. करडी चादर दोरीवर वाळत घातल्यासारखं ते दिसायचं. विमान चादरीत शिरलं की पडदा एकदम करडा, बाहेर आलं की एकदम हिरवा. आमचे मालक खूश. "झकास झालंय की ओ, म्याडम!" मला मात्र काहीतरी खुपत होतं. दोन दिवसांनी चहा पिताना ध्यानात आलं, वर आभाळ गच्च आणि खाली उसावरून विमानाची काळीभोर सावली पळतेय! सूर्यच नाही तर सावली कुणाची, कपाळ माझं? ती काढली. मग उजेड चुकला. निरभ्र दिवशी आकाश कडेला उजळ असतं, तसंच मी आभाळालाही करून ठेवलं होतं. तेव्हा तुमचा आवाज कानात आला, "आभाळाच्या दिवशी उजेड डोक्यावरनं गळतोय, कडेनं न्हाय. कड काळवंडतीया, बघ नीट." मी शेडच्या बाहेर जाऊन वर बघितलं. आभाळ आलंच होतं. तुमचं बरोबर होतं.

तुमच्याशिवाय हे मला कोण सांगणार होतं? फौज सुटल्यावर तुम्ही त्या कारखानदाराच्या खासगी धावपट्टीवर लागलात. गावाबाहेरचा माळ, एक खोली, एक वायरलेस, आणि कधीमधी येणारं मालकांचं छोटं विमान. वैमानिकाला हवा सांगायची ही तुमची नोकरी. वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी सोडली, तर यंत्र म्हणजे तुमचे डोळेच. खुणा ठरलेल्या होत्या. जवळ चिंच, मग पाण्याची टाकी, मग साखर कारखान्याची चिमणी, आणि सगळ्यात लांब डोंगर. चिमणी दिसली तर उतरा म्हणायचं, नाही दिसली तर परत जा म्हणायचं. लहानपणी मी विचारलं होतं, "आणि चिमणी उडून गेली तर?" तुम्ही वायरलेसवर हात ठेवून हसला होतात.

पण त्या बाबतीत हसणं तेवढंच. मी कॉलेजात असताना एकदा तिथं उभी राहून ऐटीत म्हणाले, "आबा, डोंगर दिसतोय." तुम्ही खांद्याला धरून मला फिरवलंत. "कुठं दिसतोय? डोंगर तितं हाय हे तुला ठावं हाय, म्हणून दिसतोय. ठावं असलेलं सांगू नगंस. दिसतंय तेवढंच सांग." मी फुरंगटून बसले. संध्याकाळी घरी, शिवाजी पेठेतल्या आपल्या त्या दीड खोलीत, आई भात वेळत होती. तुम्ही मला चुलीसमोर उभं केलंत आणि वाफेतून फळीवरचे डबे वाचायला लावलेत. मी धडाधडा वाचले, डाळ, पोहे, साखर, शेंगदाणे. तुम्ही वाफ हातानं बाजूला केलीत. आईनं त्या दिवशी फळी पुसताना डबे उलटेपालटे लावले होते. आई हसून हसून लालेलाल झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो धडा मी विसरले नाही. निदान असं मी सगळ्यांना सांगते.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, त्या ऑगस्टातला तो दिवस. तुम्ही जेवणाचा पितळी डबा विसरलात म्हणून मी तो घेऊन माळावर आले. सकाळभर बरं होतं. दहा वाजता मी चिमणी बघितली होती, वरचा धूरसुद्धा बघितला होता. अकराच्या सुमाराला आभाळ खाली यायला लागलं. शिपाई गावाला गेलेला. तुम्ही खोलीत वायरलेसवर, आणि त्या मेल्या माईकची वायर एवढी आखूड की खुर्ची सोडता येत नव्हती. खोलीची खिडकी धावपट्टीकडं, चिमणी मागच्या अंगाला. ती बघायला व्हरांड्याच्या कोपऱ्यावर जाऊन वळावं लागायचं. मी व्हरांड्यात उभी आहे. विमानाचा आवाज डोक्यावर आहे आणि विमान कुठंच नाही. आवाज जातो, परत येतो. वैमानिक वायरलेसवर ओरडतोय, खालचा ऊस दिसतोय, येऊ का? आणि आतून तुम्ही हाक मारता, "चिमणी दिसतीया का गं?"

"दिसतीया!" मी म्हणाले.

तुम्ही त्याला या म्हणालात. विमान आलं, पण धावपट्टीवर नाही. डावीकडं, उसावर, टाकीपेक्षा खाली. मला त्याची चाकं दिसली, चाकांवरचा चिखल दिसला. मग इंजिनानं असा काही आकांत केला की माझ्या हातातला डबा खाली पडला, आणि ते पुन्हा आभाळात गेलं. आवाज बंद. तुम्ही माईकवर हाका मारताय आणि पलीकडून काहीच नाही. किती वेळ, देवाला ठाऊक. भाजी व्हरांड्यात सांडलेली आणि मी ती हातानं गोळा करत बसलेली, एवढं आठवतंय. मग खरखरत आवाज आला, बेळगावला जातोय. तुम्ही खुर्चीत मागं टेकलात. तुमचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुपारी बेळगावहून फोन आला, सगळी माणसं सुखरूप आहेत, पण चाकात उसाचा पाला निघाला. पाला, आबा. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो ऊस बघितला. मधल्या एका पट्ट्याचे शेंडे कोयत्यानं छाटल्यासारखे गेले होते.

फोन आला त्याच दुपारी मॅनेजर जीप घेऊन आला. मी नळावर डबा घासत होते. तो ओरडला, "चिमणी बघितली कुणी?" मी उठले. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "म्या. म्या सोता बघितली," तुम्ही म्हणालात. "सोडून खुर्ची?" "व्हय, सोडून." मी तशीच, राखेचे हात घेऊन, उभी राहिले. दोन आठवड्यांत तुम्हाला खोलीतून काढून फाटकावर बसवलं, ट्रक आत सोडायला. त्या फाटकावर तुम्ही शेवटपर्यंत बसलात. पेठेत लोक तोंडावर राम राम घालायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय, चिमणी बघतोय. मला ते ऐकू यायचं. तुम्हालाही येत असणार.

तुम्ही मला एकदाच विचारलंत. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसला होतात. "खरं सांग. दिसली हुती न्हवं?"

"व्हय आबा. दिसली हुती."

"मग झालं," तुम्ही म्हणालात. "मग आभाळच मागनं खाली आलं." आणि जेवायला लागलात. नंतर चार वर्षं तुम्ही जो भेटेल त्याला तेच सांगितलंत, चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा. चिमणी दिसत हुती, आभाळ मागनं आलं. कुणी ऐकून घेत नसलं तरी. माझ्या शब्दावर तुम्ही तुमचं नाव लावून ठेवलं होतं.

तर परवाचं. शाळेनं पाठवलेल्या म्हाताऱ्या वैमानिकासाठी मी जे जग उघडलं तो आपला माळ होता. चिंच, टाकी, चिमणी, ऊस, सगळं जागच्या जागी. कुणाला माहीत नव्हतं. आभाळ खाली आणलं, त्या दिवसाएवढंच. तळाशी चादर नाही, चिंध्या. चिंध्यांतून सरळ खालचा ऊस दिसतो, पुढचं काही दिसत नाही. आदल्या दिवशी मालक माझ्यामागं लागले होते, "धावपट्टीची रेघ जरा तरी दिसू द्या की ओ. त्यो बाबा न्हाय म्हणाला तर शेडमधल्या आठ माणसांनी काय करायचं?" मी म्हटलं, "दिसत नाही ते मी दाखवणार नाही." "हट्टी हाय बाई," म्हणत ते गेले, आणि मी रात्री जेवणाच्या ताटाकडं बघितलं नाही, एवढी भीती मलाही होती.

म्हातारा एसटीच्या सीटवर बसला. पहिल्यांदा जरा मजेत होता. खाली उतरत गेला तसा पडद्याकडं वाकला. पत्र्याचं विमान जमिनीला बोल्टनं आवळलेलं, तरी त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. "खाली दिसतंय," तो स्वतःशीच पुटपुटला. "खाली दिसतंय..." ऊस वर यायला लागला. मी मनात ओरडत होते, जा, वर जा, मेल्या, वर जा! आणि त्यानं दांडा ओढला, इंजिनाचा आवाज चढवला आणि तो वर गेला. पाला लागला नाही. मग त्यानं घाम पुसला आणि मला विचारलं, "बाई, हे कुठं बघितलंत तुम्ही? खाली दिसतंय म्हणजे पुढंही दिसेल असं वाटतं, तिथंच माणूस फसतो. हे पुस्तकात नसतं." मालकांना तो हो म्हणाला. मी म्हटलं, वडिलांनी शिकवलं.

सगळे पेढे आणायला गेले तेव्हा मी एकटीनं तेच आभाळ पुन्हा लावलं. विमानातून नाही, व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून. आणि नजर मागं वळवली. चिमणी नव्हती. टाकीसुद्धा नव्हती. त्या हवेत ती दिसणं शक्यच नव्हतं, आबा. आभाळ मागनं आलं नव्हतं.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलेय, की डब्यांचं झालं तेच चिमणीचं झालं. ठाऊक होतं म्हणून दिसल्यासारखं वाटलं. ह्यांनाही मी तसंच सांगितलंय, पोरीलाही. वाफेचीच चूक, म्हणजे तुम्हीही माफ केली असतीत अशी. हे कागद मी तुमच्या त्या पितळी डब्यात घालून ठेवणार आहे, पाठवायचे तरी कुठं. म्हणून इथं तरी खोटं नको. मला विमान ढगातून बाहेर येताना बघायचं होतं, आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आणि ते परत जाऊ नये असं वाटत होतं. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी धावपट्टीकडं तोंड करून उभी होते. कोपऱ्यापर्यंत गेलेच नाही. "दिसतीया" म्हणाले तेव्हा माझी पाठ चिमणीकडं होती.