आजारी पडण्याचा गृहपाठ

९ जानेवारी, सोमवार. सकाळी सव्वासहा.
आजपासून नवं आयुष्य. रोज दहा नवे इंग्लिश शब्द, वीस उठाबशा, संध्याकाळी सॉसेज बंद. ९ फेब्रुवारीला क्रास्नोयार्स्कहून समिती येणार, माझा ओपन लेसन बघणार आणि मला अव्वल श्रेणी देणार. याआधी दोनदा दिली नाही. दोन्ही वेळा राजकारण. या वेळी नाही मिळाली तर आमच्या हेडबाई निनेल पाव्लोव्ना माझे सगळे वर्ग त्या कालच्या पोरीला, स्नेझाना ओलेगोव्नाला देणार, आणि मी शाळा सुटल्यावर मागे राहिलेली पोरं राखत बसायचं. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. मी नुसता हसलो.

एकोणीस वर्षं इंग्लिश शिकवतोय. त्याआधी जर्मन शिकवायचो. शाळेनं जर्मन बंद केलं, मला नव्वद तासांच्या कोर्सला पाठवलं, आणि एक्क्याण्णवाव्या तासाला मी वर्गात इंग्लिशचा शिक्षक म्हणून उभा होतो. आजकालच्या पोरांना पाच-पाच वर्षं लागतात.

आईला संकल्प वाचून दाखवले. ती म्हणाली, आधी बाल्कनीतलं न्यू इयरचं झाड टाकून ये, गेल्या वर्षीचं.

१० जानेवारी.
शब्द: तीन. तिन्ही आधीपासून येत होते, पण उजळणीलाही महत्त्व आहे. उठाबशा: गुडघा. सॉसेज: उघडलेलं पाकीट टाकून देणं मला पटत नाही.

१६ जानेवारी, सोमवार.
पुन्हा नवं आयुष्य. मागचा आठवडा सुट्टीच्या सुस्तीत गेला, तो धरायचा नाही.

लेसन ठरला. सहावी ब, विषय पॅसिव्ह व्हॉइस आणि स्वयंपाकघरातले नवे शब्द. पॅसिव्ह आमच्या लोकांना समजावून सांगावाच लागत नाही. पाइप फोडला गेला, पगार थांबवला गेला, आणि कोणी केलं हे विचारायचं नाही. तेरा मुलांच्या वर्गासाठी बारा प्रश्न काढले. द ब्रिज वॉज बिल्ट, द सूप वॉज ईटन, द क्नाइफ वॉज लॉस्ट वगैरे. प्रत्येकाला एक प्रश्न आणि एक उत्तर, झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे असं.

तेरावी ती तैसिया कार्पुखिना, तास्या. तिला वाक्य दिलं नाही. कच्ची आहे. आमच्या कँटीनमधल्या राइसाची मुलगी, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार. वर मधेमधे तोंड घालायची खोड. आज म्हणाली, सर, मोबाइलमधली बाई नुसतं नाइफ म्हणते, क म्हणतच नाही. मी म्हणालो, मोबाइलमधली बाई अव्वल श्रेणीसाठी बसलेली नाही, कार्पुखिना. वर्ग खदाखदा हसला. मी जर्मनचा माणूस, छापलेलं अक्षर वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. तिला शेवटच्या बाकावर पाठवलं.

१९ जानेवारी.
पहिली तालीम. नियम घालून दिला: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. समितीला हातांचं जंगल दिसेल आणि मी फक्त उजवे वेचीन. ही युक्ती मला माझ्या बाईंनी शिकवली होती, त्यांना त्यांच्या बाईंनी. आमच्याकडे शिक्षणाची परंपरा आहे.

आई चर्चमधून पवित्र पाणी घेऊन आली, तीन बाटल्या. म्हणाली, एक तुझ्या समितीवर शिंपड, दोन तुला लागतील.

२६ जानेवारी.
पाचवी तालीम. बॉयलरवाल्याचा ग्लेब डावं-उजवं विसरतो. त्याच्या डाव्या हाताला लाल दोरा बांधला.

मधल्या सुट्टीत स्नेझाना ओलेगोव्ना आली. म्हणाली, इनोकेन्ती ल्वोविच, समितीतल्या बाई इंग्लिशमधूनच बोलतात म्हणे, आपण रोज वीस मिनिटं इंग्लिशमधून गप्पा मारूया का, तुम्हाला सराव होईल. मला. सराव. तिच्या जन्माआधी मी वर्गावर जात होतो. म्हणालो, धन्यवाद, मला भाषा शिकवायची आहे, चिवचिवाट करायचा नाही. ती लाल झाली. जळते बिचारी. शिवाय मी तिला थोडा आवडतो असाही संशय आहे.

शब्द: या आठवड्यात एक. पण अवघड होता.

२ फेब्रुवारी.
नववी तालीम. आता उत्तरं खाडखाड येतात, पण चेहरे मेल्यासारखे. म्हणून तालीम फक्त चेहऱ्यांची घेतली. प्रश्न ऐकला की आधी भुवया वर, मग विचार, मग आनंद. एकजण म्हणाला, सर, मला आनंद होत नाही. म्हटलं, गुण कापले की होईल.

तास्याचं काय करायचं हा प्रश्न होता. शेवटच्या बाकावर ती भुतासारखी बसते आणि ओठ हलवते. समितीतल्या कोणी चुकून तिलाच उभं केलं तर माझं वाटोळं. तास संपल्यावर तिला थांबवलं आणि प्रेमानं सांगितलं, पुढच्या गुरुवारी तू आजारी पड. ती म्हणाली, कशानं पडू, सर? मी म्हणालो, घशानं. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हणालो, एकच दिवस, शुक्रवारी बरी हो. तिनं वहीत लिहून घेतलं. गृहपाठाच्या पानावर.

मूल आज्ञाधारक आहे, एवढं मान्य करायला हवं.

८ फेब्रुवारी.
आईनं केस कापले. डावीकडे जरा जास्त गेले. ती म्हणाली, उजवी बाजू समितीकडे ठेव. कोट घट्ट होतो, पण बटण न लावता रुबाबदार दिसतो. उद्या या वेळी मी अव्वल असेन.

९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी पावणेसात.
उणे अडतीस. आत्ताच रेडिओवर सांगितलं: पहिली ते आठवीच्या वर्गांना थंडीची सुट्टी. शिक्षकांनी यायचं आहे. समितीची गाडी रात्रीच गावात पोचली आहे, म्हणजे लेसन होणार. बारा घरी फोन लावले. नऊ घरांत कोणी उचलला नाही. एक आई म्हणाली, तुमच्या श्रेणीसाठी माझ्या पोराचं नाक गळून पडू देऊ का? लोकांना शिक्षणाची किंमत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी चार.
शांतपणे लिहितो. वर्गात तिघं होती. ग्लेब, कारण बॉयलर शाळेतच आहे. त्याचा धाकटा भाऊ, जो दुसरीत आहे. आणि शेवटच्या बाकावर, गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून, तास्या कार्पुखिना.

समितीतल्या बाई एलिओनोरा मार्कोव्ना आणि आमच्या निनेल पाव्लोव्ना मागे बसल्या. पहिला प्रश्न टाकला. ग्लेबनं लाल दोऱ्याचा हात वर केला. धाकट्यानं दोन्ही. मग मागून उत्तर आलं. दुसरा प्रश्न, मागून उत्तर. तिसरा, तेच. बाराच्या बारा उत्तरं त्या पोरीनं दिली, भुवया, विचार, आनंद सगळ्यासकट. चाकूच्या वाक्यात तिनं क खाल्ला, तेवढी एक चूक.

एलिओनोरा मार्कोव्नांनी मग तिला स्वतःचे चार-पाच प्रश्न विचारले, जे मी दिलेच नव्हते. त्यांचीही ती उत्तरं देत सुटली. माझ्या शिकवण्याचं हे फळ, मला भरून आलं. मग बाईंनी तिला रशियनमधून विचारलं, बाळ, घसा दुखतो तर शाळेत का आलीस? ती म्हणाली, दुखत नाही, मला सरांनी आजारी पडायला सांगितलंय, पण आमच्या घरी फार गारठा आहे, म्हणून मी इथेच आजारी पडलेय.

यानंतर बाईंनी मला इंग्लिशमधून काहीतरी विचारलं. उच्चार वाईट, शहरी लोक असंच तोंडातल्या तोंडात बोलतात. मी भारदस्तपणे म्हणालो, यस, ऑफ कोर्स. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, थँक यू. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, बराच वेळ.

एकंदरीत छाप चांगली पडली.

१३ फेब्रुवारी, सोमवार.
नवं आयुष्य नंतर. निनेल पाव्लोव्नांनी बोलावलं. समितीनं लेखी खुलासा मागितलाय: मुलीला घरी राहायला सांगितलं होतं का. मी म्हणालो, हे ऐकूनच मला धक्का बसला. त्या म्हणाल्या, मला नका सांगू, गुरुवारी शिक्षकांच्या बैठकीत सांगा, आई आणि मुलगीही येतील.

माझी अव्वल श्रेणी आता बारा वर्षांच्या पोरीच्या जिभेवर लोंबकळतेय.

१४ फेब्रुवारी.
क्लोकरूमपाशी, पोरं कोट अडकवतात तिथे, तास्याला गाठलं. धमकी वगैरे काही नाही, मी शिक्षक आहे. फक्त चौकशी केली की आई बरी आहे ना, कँटीनमधली नोकरी बरी चालली आहे ना, अशी नोकरी आपल्या गावात दुसरी कुठे मिळेल का. मग सांगितलं की कधीकधी मुलांना वाटतं आपल्याला काही सांगितलं गेलं, आणि प्रत्यक्षात तसं काही नसतं. कागद मी लिहूनच नेला होता, तिला त्रास नको म्हणून.

तिनं तो दोनदा वाचला. माझ्याकडे बराच वेळ बघत होती, आणि कशी, ते मला नीट सांगता येणार नाही. मग म्हणाली, सगळ्यांसमोर वाचायचं का, सर? मी म्हणालो, हो. मोठ्यानं.

घरी येऊन आईला सांगितलं की प्रकरण मिटलं. तिनं विचारलं, कसं? मी सांगितलं. ती खिमा भरलेली पेल्मेनी तशीच ताटात टाकून उठली, दार लावून आपल्या खोलीत बसली. म्हातारपणी माणसं लहरी होतात.

१६ फेब्रुवारी, गुरुवार.
बैठक उत्तम झाली. अठरा शिक्षक, खिडकीशी राइसा, अंगावर अजून कँटीनचा एप्रन. तास्यानं उभं राहून वाचलं: मी समितीसमोर खोटं बोलले. सरांनी मला आजारी पडायला सांगितलं नव्हतं. मी सरांची माफी मागते. एकदाही अडखळली नाही, माझ्या तालमींचा परिणाम.

मी उठलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत क्षमा केली. म्हणालो, खोटेपणाची सवय लहानपणीच मोडावी लागते. चॉकलेट दिलं. तिनं ते टेबलावरच ठेवलं. नंतर मी खाल्लं. तिच्या वर्तणुकीच्या नोंदीत शेरा गेला, त्याला माझा इलाज नाही, नियम आहे. स्नेझाना ओलेगोव्ना मध्येच उठून बाहेर गेली, भावना आवरल्या नसाव्यात.

आज कँटीनमध्ये राइसानं माझ्या वाडग्यात सूपचं वरवरचं पाणी वाढलं. बटाटे खाली दिसत होते. मी मोठ्या मनानं तेवढंच प्यायलो.

२० फेब्रुवारी, सोमवार.
निकाल येईपर्यंत नवं आयुष्य सुरू करण्यात अर्थ नाही. अभिनंदनाला उत्तर म्हणून छोटं भाषण लिहिलं. त्यात तास्याचा उल्लेख टाळला, सूड माझ्या स्वभावात नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार.
नाकारलं.

कारण वाचून आधी वाटलं पान बदललं असावं. मुलीबद्दल फक्त एक ओळ, तो विषय बंद. खाली लिहिलंय: शिक्षकाला 'तुमच्या वर्गात किती मुलं आहेत' हा इंग्लिश प्रश्न दोनदा विचारूनही समजला नाही.

म्हणजे ती पोरगी काही बोलली असती काय आणि नसती काय, काहीच फरक पडला नसता. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी. दुपारी.
निनेल पाव्लोव्नांकडे गेलो. म्हणालो, श्रेणीचं ठीक आहे, ते लोक पक्षपाती आहेत, पण माझे वर्ग काढता येणार नाहीत. माझ्यावरचा डाग अठरा शिक्षकांसमोर पुसला गेलाय, खुद्द मुलीनं कबूल केलंय की ती खोटं बोलली.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, इनोकेन्ती ल्वोविच, ते खरं आहे असं त्या खोलीत एकालाही वाटलं नाही. कागदावर अक्षर तुमचं होतं. बैठकीआधी मी त्या मुलीला इथे बसवून सांगितलं होतं, तू हे वाचू नकोस, तुझ्या आईच्या नोकरीला कोणी हात लावणार नाही, मी आहे. ती म्हणाली, आईचं मला माहीत आहे, त्यासाठी नाही वाचत.

मी विचारलं, मग कशासाठी?

निनेल पाव्लोव्ना म्हणाल्या, मीही हेच विचारलं. म्हणाली, राहू द्या ना मॅडम. माझं काय, मी कुठेही शिकेन. सरांना आता दुसरं काय येणार आहे?

मी म्हणालो, कार्पुखिना पहिल्यापासून कच्चीच आहे.

त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. तहान नव्हती. तरी सगळं प्यायलो.