पाळण्याकडची फुलं

७ जानेवारी १९५७, हिमायतनगर
सकाळी नांदेडच्या गाडीने काचीगुड्याला उतरलो. आई, सत्यवती, मी, दोन ट्रंका आणि आईने शेवटपर्यंत हातातून न सोडलेलं पितळी घंगाळ. खोली छान आहे, खिडकी पूर्वेला, स्वयंपाकघर वेगळं. आईने आधी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, मगच पाणी प्याली. सत्यवतीला नववा लागलाय, तरी नवं घर बघून ती पोरीसारखी हिंडत होती. दौलत तातेराव, प्रयोगशाळा सहायक! दारावर पाटी लावायचा मोह झाला, पण सत्यवती हसेल म्हणून आवरला.

१६ जानेवारी
माझं काम म्हणजे फुलं बघणं. गावाकडे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. रोपाचं नाव ट्रॅडेस्कँशिया. फूल जांभळट निळं, सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. त्याच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केस म्हणजे निळ्या पेशींची माळ. रोपावर रेडियमची किरणं पडली की माळेतला एखादा मणी गुलाबी होतो. असे मणी मोजायचे. रेडियमच्या सुया कुलपात असतात. त्या बघायचा अजून मला अधिकार नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख भगवंतराव साहेब इथलेच, मराठी बोलता बोलता दखनीत शिरतात. मला म्हणाले, फूल झूट नै बोलता, मगर देर से बोलता. किरणं आज पडली तर गुलाबी दिसतं बारा दिवसांनी, कारण आज ती कळी कोवळी असते. किरणांपासून लांब वाढलेलं फूल कसं दिसतं ते ताडून पाहायला त्यांनी एक कुंडी आणि जाड भिंग घरी दिलं. कुंडी खिडकीत ठेवलीय.

२४ जानेवारी
भाषावार रचनेत आपलं राज्य मोडलं, त्याची वाटणी अजून संपत नाही. प्रयोगशाळेतलं मराठवाड्याच्या वाट्याचं सामान आज खोक्यांत भरून औरंगाबादला गेलं. बांधाबांधीत उरलेला कापूस झाडूवाला फेकणार होता, मी पिशवीभर घरी आणला. आई खूश. म्हणाली, लेकराच्या गादीची सोय झाली, बेगम बाजारची चक्कर वाचली.

३ फेब्रुवारी
काल मुलगी झाली! नाक सत्यवतीचं, आवाज आईचा.

पहिला मुलगा पाचव्या दिवशी गेला, तेव्हापासून आईने धास्ती घेतलीय. आज पाळण्याखाली विळा सापडला. उशाशी लोखंड असलं की लेकराला काही शिवत नाही म्हणे. मी भडकलो. दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, आणि आता विळा? तिला बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. आई खाली मान घालून म्हणाली, चुकलं बाबा. विळा मी अंगणात भिरकावला. आता वाईट वाटतंय, पण केलं ते बरोबरच.

१३ फेब्रुवारी
बारसं झालं. नाव विशाखा. आईने कापसाची गादी शिवलीय, शनिवारपासून पोर तिच्यावरच निजते. इतके बारीक टाके की मी चिडवलं, डोळे तर गेले म्हणत होतीस! पाळणा खिडकीपाशी आहे, कुंडीला अगदी लागून. पोरीने निळ्या फुलांकडे टक लावली की आई म्हणते, बापावर गेली, मोजतेय.

२१ फेब्रुवारी
घरच्या फुलात नऊ गुलाबी पेशी. एखादी आपोआपही होते. नऊ नाही होत. कुंड्यांची अदलाबदल झाली असावी. साहेबांना बोललो नाही. नोकरी नवी, दुसऱ्याच महिन्यात गाढव कशाला ठरू.

२४ फेब्रुवारी
सव्वीस. माझ्या कपड्यांतून येतं का? कपडे बाहेर बदलतो, आंघोळ करून मगच पोरीला घेतो. ती नीट पीत नाही. डोक्यामागे लाल चट्टा. आई म्हणते उष्णता.

२६ फेब्रुवारी
खिडकीकडची फुलं: पाच, सात. पाळण्याकडची: एकेचाळीस. पुढच्या फुलात मोजता येईना.
या खोलीतच काहीतरी आहे. पाळणा, गादी, दुपटी, सगळं उचलून स्वयंपाकघरात नेलं. पोर आता तिथे सुरक्षित.

२८ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहराच — औरंगाबादचं पत्र आलंय. आठ सुया निघाल्या, सात पोचल्या. सुया बांधताना उरलेला कापूस कुठे गेला, त्यांनी विचारलं.
किरणं ओळखणारं टकटकणारं यंत्र घेऊन ते घरी आले. खोलीत टकटक हळू. स्वयंपाकघरात टकटक राहिलीच नाही, एकच सलग आवाज. सत्यवतीने पोरीला उचलून अंगणात नेलं. आवाज स्वयंपाकघरातच. गादीत.
आईने स्वतः उसवली. उशाकडे, दोऱ्याने पक्की बांधलेली, नखाएवढी सुई. कापसात सापडली म्हणाली. विळा तुला दिसला म्हणून तू रागावलास, ही दिसली नसती.
साहेबांनी चिमट्याने उचलून शिशाच्या डबीत टाकली.

२ मार्च
डॉक्टर म्हणतात, वाट बघा. आईने विचारलं, माझ्या सुईनं झालं का रे. मी म्हणालो, कापूस मी आणला. तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.
विळा राहू दिला असता तर — नुसता विळाच होता तो.

७ मार्च
सुई गेली तरी फुलं गुलाबीच. माहीत आहे, उशिरा बोलतात. रोजचं फूल म्हणजे तिची त्या गादीवरची एक रात्र. मीच मोजतो.
पोर रडत नाही. रडली तर बरं वाटेल.

१० मार्च
चौदा. कमी होतायत.
आई पाळण्यापाशी बसून असते. हात लावत नाही.
अंगणात विळा शोधला. बोरीच्या बुडाशी होता, गंजलेला. पुसून पाळण्याखाली ठेवला. आईने बघितलं.

१२ मार्च
सुई गेल्याला बारावा दिवस. फूल निळं. प्रत्येक केस पाहिला, दोनदा. एकही गुलाबी नाही — एकही —
सत्यवतीला ओरडून सांगितलं, निळं आलं, सगळं निळं! ती ओ देत नाही. आई अशी का —
फूल घेऊन जातो. विशाखाला दाखवतो. पाळण्याची करकर थांबलीय, कुणी हलवत का नाही, आणि आई पाळण्याखालचा विळा काढून घेतेय, म्हणते आता कशाला