बोटाला लावायचं मशीन

संस्कृतीचे पप्पा,

रविवारी चार पाहुणे घेऊन माझ्या माहेरी, चिकलठाण्याला, बैठकीला येताय म्हणं. पोरीला कायमचं न्यायला. या.

मागच्या बैठकीत आपली चार वर्षांची पोर तुमच्या मांडीवर गुमान बसली. सगळे म्हणले, "बापाची लई ओढ हाय, महिन्यातनं आठ दिवस नेऊ द्या." ती रडली नाय, एवढंच बघितलं त्यांनी. रडली की तुम्ही तिला बाथरूममध्ये कोंडता, हे त्यांना कुठं ठावं? आता भ्याली की तिचे हात गार पडतात, छाती धडधडते, तोंड मात्र हसरंच राहतं.

म्हणून मी पुरावा केलाय. कोरोनात आणलेलं ठोके मोजायचं मशीन तिच्या बोटाला लावलं आन् मोबाईलवर तुमचा आवाज ऐकवला. छातीचे ठोके अठ्ठ्याण्णववरून एकशे अठ्ठेचाळीसवर गेले. पोर हसत होती. सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. रविवारी तो आधी तुमच्या आईच्या डोळ्यांपुढं धरीन, मग एकेका पाहुण्याच्या. मान खाली घालून आमचा जिना उतरताना तुम्हाला बघायचंय मला.

खात्री पाहिजे म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेवढेच ठोके.

आज आकडा नीट दिसावा म्हणून तिसऱ्यांदा मशीन काढलं. तिनं आपणहून बोट पुढं केलं आन् माझ्याकडं बघून हसली. एकशे बावन्न.

तुमचा आवाज मी अजून लावलाच नव्हता.

संस्कृतीची मम्मी