अँटीव्हायरस आईनंच बंद केला होता

दादा,

तू उठशील तेव्हा मी निघून गेलेली असेन. आईचा कॉम्प्युटर तिच्या टेबलावर आहे. व्हायरस काढून फुकटातला पण चांगला अँटीव्हायरस टाकलाय. पासवर्ड कीबोर्डखालच्या कागदावर आहे.

काल आई गेल्याचं कळून भेटायला आलेल्यांसमोर तू हसत म्हणालास, "म्हातारीला दहादा सांगितलं, मला विचारू नकोस, नेटवर शोध, सगळी मदत फुकट मिळते. तरी कॉम्प्युटरची वाट लावलीच."

तिनं तुझं ऐकलं होतं. मदतीच्या एका साइटवर तिचे अकरा प्रश्न सापडले. अनोळखी माणसं तिला आजी म्हणत आणि एकेक बटण न कंटाळता समजावत.

शेवटचा प्रश्न आजारपणातला आहे. "मुलाचे मेल येत नाहीत. अँटीव्हायरस अडवत असेल का?" एकानं निक्षून सांगितलं, "आजी, तो बंद करू नका. आधी मुलाला फोन करा." तिनं लिहिलं, "नको, तो कामात असतो, चिडतो." मग तिनं अँटीव्हायरस बंद केला आणि सात आठवडे वाट पाहिली. व्हायरस तेव्हाच शिरला.

अडवलेल्या मेलची यादी मी शेवटपर्यंत पाहिली. त्यात तुझा एकही नव्हता.

तो माणूस अजून विचारतोय, "आजी, आला का मुलाचा मेल?" पान उघडं ठेवलंय. उत्तर तू दे. काय लिहायचं ते मला विचारू नकोस. नेटवर शोध.