डॅडींच्या रॉडचा डबा

७ ऑक्टोबर

तडकली. पुन्हा तडकली! वेल्डिंग करून जोडलेली पट्टी वाकवून बघायच्या यंत्रात घातली, वाकायला लागली आणि नेमकी माझ्या जोडावरच फाटली. व्हेरे सरांनी ती माझ्या हातात ठेवली. "वरून तर जोड लोण्यासारखा दिसत होता, ओडेट." वरून!

आता आणखी एकदाच देता येईल ही परीक्षा. नाही जमलं तर पदवी पुढच्या वर्षावर, आणि गोदीतली नोकरी गेली. ते लोक माझ्यासाठी थांबणार नाहीत. दोन वर्षं या वयात पोरासोरांबरोबर वर्गात बसले ती कशासाठी? आणि कॉलेजचे वेल्डिंगचे रॉड न घेता गुपचूप डॅडींनी दिलेले वापरले, तरी ही गत.

८ ऑक्टोबर

जेवताना सरांच्या यंत्राला शिव्या घातल्या. डॅडी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग नेहमीचं — "वेल्डिंगची पदवी? आमच्या वेळी टोपी आणि शिव्या एवढंच लागायचं." हाच विनोद काल, हाच परवा. उभी हयात पाइपलाइन जोडण्यात गेली, हसणारच ते. मी गंबोच्या रश्श्याची वाटी तशीच टाकून उठले.

९ ऑक्टोबर

सराव. रडावंसं वाटलं. रडले नाही, मुखवट्याची काच धुरकटते.

१४ ऑक्टोबर

चोरी पकडली गेली. मी जोड घालत होते, ठिणग्या फाटक्या आवाजात उडत होत्या. व्हेरे सर मागे येऊन उभे राहिले, रॉड काढून घेतला. "हा आपला नाही. रॉड कोरडे ठेवायच्या भट्टीतला आहे?"

"माझ्या वडिलांच्या डब्यातला."

"सादळलाय. बिस्किटासारखा! या दलदलीच्या हवेत रॉड रात्रभर उघडा राहिला की जोड आतून सडतो. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं ना?"

शिकवलं होतं. पण डॅडींनी दिलेत म्हणजे भट्टीतून काढून दिलेत, असंच मी धरून चालले होते. सरांनी रॉड उलटसुलट करून पाहिला. "आल्सीडने दिले? तुझ्या बापाने? मी त्याच्या हाताखाली होतो तेव्हा एक रॉड ओल्या गवतावर ठेवला, म्हणून त्याने मला भर दुपारी घरी हाकललं होतं."

घरी येताना गाडीत डोकं नुसतं पेटलं होतं. मुद्दाम केलं की काय म्हाताऱ्याने? मुलीची फजिती बघायला?

१५ ऑक्टोबर

भांडायचं म्हणून सकाळीच मागच्या शेडमध्ये गेले. रॉडची छोटी भट्टी चालूच होती, हात लावला तर गरम. डॅडींची शिस्त! दार उघडलं. आत त्यांचे चर्चला जायचे बूट होते, पॉलिश केलेले, नीट जोडीने ठेवलेले. रॉड बाहेर फळीवर उघडे पडलेले, निम्म्यांना बुरशी.

भांडले नाही. बूट काढले, रॉड फेकून दिले. ते अंगणात उभे राहून बघत होते. भीती वाटली मला, खरं सांगायचं तर.

२१ ऑक्टोबर

पास! पट्टी घोड्याच्या नालेसारखी वाकली, एक तडा नाही. तशीच घरी आणली आणि डॅडींच्या हातात ठेवली. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा.

"देखणा आहे. कोणाचा हात?"

"माझा, डॅडी."

माझ्याकडे बघून ते कौतुकाने हसले. "तू वेल्डिंग कधी शिकलीस, पोरी?"